हार्ड डिस्क की एसएसडी? घेण्याआधी एवढं वाचा

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून रॅम वाढवून मागणारे बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. मशीन तपासलं की अनेकदा दोष निघतो तो जुन्या हार्ड डिस्कचा. तिच्यातल्या चुंबकीय तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि हेड त्यांच्यावर मागेपुढे सरकत माहिती शोधतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइल्स वाचायच्या असतात, आणि दरवेळी हेड जागेवर पोचेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळी माहिती चिपमध्ये. म्हणून विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवरच ठेवा, हा आमचा आग्रह आहे.

एसएसडी दोन प्रकारच्या जोडणीत येते: जुनी साटा आणि नवी, वेगवान एनव्हीएमई. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, एनव्हीएमई 3500 एमबी किंवा त्याहून जास्त. टायपिंग, हिशेब, इंटरनेट एवढंच काम असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही; व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र एनव्हीएमईच घ्यावी. एम-टू आकारात (मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) दोन्ही प्रकार मिळतात आणि दिसायला जवळपास सारखे असतात, पण प्रत्येक मदरबोर्डवर दोन्ही चालतीलच असं नाही, तेव्हा आधी मदरबोर्डचं मॉडेल आम्हाला कळवा.

1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. डिस्क सदोष नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा इशारा देते: टकटक आवाज, फाइल उघडायला लागणारा वेळ. असं झालं की मशीन लगेच बंद करा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. एसएसडी कधीकधी काहीच न कळवता बंद पडते. शिवाय तिच्यावरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं फार अवघड, कारण ट्रिम सुविधेमुळे ती जागा आतून साफ होते. विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटाही जाऊ शकतो. त्यामुळे फोटो, जुने हिशेब साठवायला हार्ड डिस्कच बरी, तीही एक नव्हे, दोन. पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करण्यापुरता.

क्लाउडवर फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. इथे डिलीट केलं की तिथूनही जातं. आणि बॅकअप संपला की एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करतं.