हिशेबात पक्का, भूगोलात कच्चा

सोलापूरचा भुईकोट किल्ला एखाद्या व्हिडिओ गेममध्ये जसाच्या तसा उभा केला, तर तो घ्यायला निघालेल्या संगणकाच्या फौजेची फजिती ठरलेली. किल्ला सपाटीवर आहे, डोंगराचा आधार नाही. दुहेरी तटबंदी, खंदक आणि पूर्वेच्या अंगाला सिद्धेश्वर तलाव, यांच्यावर त्याची सगळी भिस्त. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती थॉमस मन्रोच्या फौजेने आधी बाहेरची पेठ घेतली, मग तोफा लावल्या आणि काही दिवसांत किल्ला शरण आला. आधी हे, मग ते, असा त्यात एक क्रम होता. खेळातला संगणक बहुतेक वेळा असा क्रम लावतच नाही. तो एकेका शिपायासाठी एकच प्रश्न सोडवत बसतो: इथून शत्रूपर्यंतची सर्वांत स्वस्त वाट कोणती?

हा प्रश्न सोडवण्याची रीत १९६८ सालची आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत शेकी नावाच्या फिरत्या रोबोवर काम चालू असताना ‘ए-स्टार’ हा अल्गोरिदम निघाला. नकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी आतापर्यंत कापलेलं अंतर आणि पुढे उरलेलं अंदाजे अंतर यांची बेरीज करायची आणि जिथे ती कमी, तिथे आधी बघायचं. इतकी साधी आणि इतकी टिकलेली युक्ती संगणकशास्त्रात क्वचितच सापडेल. पण वाट सापडणं वेगळं आणि जागा कळणं वेगळं. खंदक म्हणजे या रीतीच्या लेखी बंद चौकोन, दरवाजा म्हणजे उघडा. दरवाजाच्या तोंडाशी गर्दी झाली की बुरुजावरचे तिरंदाज ती आरामात टिपतील, हे त्या बेरजेत मुद्दाम घातलं नाही तर येत नाही. म्हणून शंभर स्वार एकामागून एक त्याच दरवाजात शिरतात आणि एकामागून एक पडतात. खेळणाऱ्याने फक्त एक दरवाजा उघडा ठेवायचा.

हा दोष किती खोल आहे ते ‘सिव्हिलायझेशन’ या खेळांच्या मालिकेत फार छान दिसलं. तिच्या २००५ च्या चौथ्या भागात पटावरच्या एका घरात हव्या तेवढ्या तुकड्या ठेवता येत. लढाई म्हणजे जवळजवळ संख्येचा मामला: जास्त कारखाने, जास्त तुकड्या, मोठा ढीग. संगणक त्यात बरा खेळायचा. २०१० च्या पाचव्या भागात घरं षटकोनी झाली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी असा नियम आला. आता धनुर्धारी मागे, भालाईत पुढे, नदी ओलांडायची की नाही, डोंगराची खिंड कोण अडवणार, हे सगळं महत्त्वाचं ठरलं. संगणकाच्या फौजा एकमेकींच्या वाटेत अडकू लागल्या. तोफा पुढे, शिपाई मागे. खेळ सुधारला, पण प्रतिस्पर्धी बिघडला.

का बिघडला, याचा कागदावर हिशेब मांडता येतो. षटकोनी पटावर दोन घरं चालू शकणारी तुकडी, आहे तिथेच थांबणं धरून, १९ घरांपैकी कुठेही जाऊ शकते. अशा दहा तुकड्या असतील तर एका पाळीत त्यांच्या मांडण्या होतात १९ चा दहावा घात, म्हणजे सहा लाख कोटींहून अधिक. दोन तुकड्या एकाच घरात येणाऱ्या मांडण्या त्यातून वजा केल्या तरी आकड्याचा आवाका फारसा बदलत नाही. १९९७ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्यालाही या सगळ्या मांडण्या नुसत्या चाळायला आठ तासांहून अधिक लागले असते, आणि त्यात शत्रूच्या उत्तराचा विचार अजून सुरूही झालेला नाही. बुद्धिबळात एका वेळी एकच मोहरं हलतं, सरासरी ३५ च्या आसपास चाली असतात. तिथे जिंकलेलं यंत्र इथे का हरतं, असं विचारणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. शिवाय पाळ्या न घेता सलग चालणाऱ्या खेळात सेकंदाला ६० चित्रं काढायची असतात. एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातला मोठा वाटा झाडं, पाणी आणि धूर रंगवण्यात जातो.

मग सगळ्या मांडण्या तपासणं सोडून प्रोग्रामर नियम लिहितात किंवा गुण देतात. शहर वाचवण्याला इतके गुण, शत्रूवर चालून जाण्याला इतके. ज्याचे जास्त, ते करायचं. पुढच्या क्षणी पुन्हा नव्याने मोजायचं. काल काय ठरवलं होतं याची यात फारशी पत्रास नसते. त्यामुळे हुलकावणी दिली की यंत्र फसतं. त्याची मोठी फौज वेढा घालायला निघाली की चार स्वार त्याच्या शेतांकडे पाठवा. फौज परत फिरते. स्वार मागे घ्या, ती पुन्हा निघते. याला गनिमी कावा म्हणणं म्हणजे गनिमी काव्याचा अपमान आहे, पण चालतं खरं. आणि हा दोष फक्त स्वस्तातल्या संगणकांचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये गुगलच्या डीपमाइंड कंपनीचं अल्फास्टार हे यंत्र ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळात पोलंडच्या ‘माना’ नावाच्या व्यावसायिक खेळाडूशी खेळलं. आधीचे पाच डाव यंत्राने जिंकले होते. थेट प्रक्षेपणातल्या डावात मानाने उडत्या वाहनातून दोन-चार तुकड्या त्याच्या तळाशी उतरवायच्या आणि लगेच उचलायच्या असा सपाटा लावला. यंत्राची सगळी फौज मागे-पुढे पळत राहिली आणि मानाने डाव मारला. त्याच वर्षी अल्फास्टार ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर पोहोचलं, हेही सांगायला हवं.

विकल्या जाणाऱ्या खेळांत इतकी मेहनत परवडत नाही. तिथे अक्कल कमी पडली की रसद वाढवतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ च्या सर्वांत कठीण पातळीवर तुम्ही वसाहत करणारी एक टोळी घेऊन सुरुवात करता, संगणक तीन. अवघड पातळी म्हणजे हुशार शत्रू, ही समजूत सोडून द्यावी. बहुतेकदा तो नुसता श्रीमंत शत्रू असतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची २०१९ ची आवृत्ती याला चांगला अपवाद आहे. तिच्यातला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी फुकटचं काही घेत नाही, तरी नवख्याला सहज लोळवतो. कारण लाकूड, अन्न, सोनं आणि किती गडी कुठे लावायचे, हा त्याचा घरचा विषय.

समुद्र हा तर आणखी मोठा पेच. आधी जहाजं, मग फौज चढवणं, संरक्षण, उतरण्याची जागा: प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी. २००९ साली ‘एम्पायर: टोटल वॉर’ आला तेव्हा संगणकाला फौज समुद्रापार नेताच येत नव्हती. त्या खेळात मराठ्यांची बाजू घेता येते. पुढची दुरुस्ती येईपर्यंत संगणकाचे इंग्रज मराठ्यांवर जहाजातून फौज उतरवू शकत नव्हते! मन्रो सोलापूरपर्यंत यायची बातच सोडा.

राजकारणात मात्र यंत्राचा विसरभोळेपणा सर्वांत उघडा पडतो. सोलापूरचंच घ्या. १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं विजापूरच्या राजकन्येशी लग्न झालं, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल झालं होतं. ते दिलं गेलं नाही आणि दोन्ही शाह्या पुढची कित्येक दशकं त्यावरून भांडल्या. मग तालिकोटच्या लढाईआधी निजामशाहीतल्या चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं, सोलापूर विजापूरकडे गेलं आणि जुने वैरी १५६५ मध्ये विजयनगरवर एकत्र चालून गेले. खेळात अशा रागाला उणे वीस, उणे तीस असा आकडा असतो. तो बऱ्याचदा वर्षागणिक आपोआप घटतो, आणि भेटवस्तू पाठवली की आणखी कमी होतो. एकच गाव दोन पिढ्या खुपत राहावं आणि शेवटी तेच गाव समेटाचा दुवा व्हावं, हे त्या आकड्यात मावत नाही.

बनवणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. आपल्याला दर वेळी हरवणारा शत्रू कोणी विकत घेत नाही. थोडं झुंजवून हरणारा हवा असतो. ज्यांना खरंच झुंज हवी असते ते स्वतः हात घालतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या संगणकाचे नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. डावीकडे अट, उजवीकडे कृती: इतकं अन्न साठलं तर पुढच्या युगात जा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते, आणि कॉलेजात प्रोग्रामिंगचं पहिलं वर्ष झालेल्याला एका संध्याकाळी त्यात स्वतःचे पाच-दहा नियम घालता येतात.