‘जुनाच बरा होता बे’ : सुपरहिरोंच्या नव्या अवतारांवर होणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

जुलै २०२५. नागपुरात पावसाची झड लागलेली आणि पंधरा दिवसांत दोन मोठे सिनेमे आले. ११ जुलैला ‘सुपरमॅन’, २५ जुलैला ‘द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’. दोन्हींत ओळखीची माणसं, पण कथा पुन्हा पहिल्यापासून. रात्रीचा शो सुटल्यावर सीताबर्डीच्या मॉलखाली रेनकोट चढवता चढवताच पोट्ट्यांची जुंपली होती.

“हेन्री कॅव्हिलसारखा सुपरमॅन पुन्हा होणे नाही बे.”

“काऊन? त्याले कधी हसताना पाह्यलं का तू? सुपरमॅन हसला पाह्यजे.”

शेजारी स्कूटरला किक मारत असलेले, केस पिकलेले एक काका थांबले. “तुम्ही ख्रिस्तोफर रीव्ह पाह्यलाच नाही, अन् काय बोलून राहिले?” म्हणाले आणि भिजत उभे राहून दहा मिनिटं त्या दोघांना समजावत राहिले. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि हात मात्र हवेत, रीव्ह साध्यासुध्या पत्रकार क्लार्क केंटचा सुपरमॅन होताना पाठ कशी ताठ करायचा ते दाखवण्यासाठी.

हा वाद मी वीसेक वर्षं ऐकतोय. नट बदलतात, वाद तोच. पण त्यात बहुतेक वेळा नटाला किंवा दिग्दर्शकाला धरलं जातं, आणि तो सिनेमा मुळात का निघाला हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की रीबूट (म्हणजे तोच नायक घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलेली गोष्ट) चांगला की वाईट हे ठरवायचं तर आधी हा प्रश्न विचारावा.

‘रीबूट’ हा शब्द संगणकाचा. यंत्र अडकलं की बंद करून पुन्हा चालू करायचं. सिनेमाआधी ही युक्ती अमेरिकी कॉमिक्सनं वापरली. १९५६ साली डीसी या कॉमिक्स कंपनीनं जुन्या ‘फ्लॅश’च्या जागी नाव तेच ठेवून वेगळाच माणूस आणला. १९८५-८६ मध्ये अनेक दशकांचं गुंतागुंतीचं कथाविश्व एका लांबलचक मालिकेत मोडलं आणि सुपरमॅनची गोष्ट नव्यानं लिहिली. वाचक तेव्हाही भांडलेच.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायची. मराठी अंकांतला वेताळ (इंग्रजीतला ‘फँटम’) त्या पिढीला आजही आठवतो. त्याला रीबूटची गरजच नव्हती. बापामागून मुलगा मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा अमर आहे. आपण वाचत होतो तो एकविसावा. नायक बदलण्याची सोय कथेतच करून ठेवणारी इतकी सुंदर कल्पना पुढे कुणाला सुचल्याचं मला दिसत नाही.

आणि भूमिका तीच, नट नवा, याची सवय मराठी माणसाला आहेच. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली, आणि २०१६ साली पडद्यावर नाना पाटेकरांनी. लागू श्रेष्ठ की भट, यावर आमच्या घरी जेवणं थंड झालेली आहेत. फरक एवढाच, की नाटकात कुसुमाग्रजांची संहिता तीच असायची आणि तुलना व्हायची ती अभिनयाची. सिनेमाच्या रीबूटमध्ये संहिताच नवी असते. त्यामुळे एक जण नटाबद्दल बोलतो, दुसरा कथेबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

काकांच्या रीव्हपासून सुरुवात करू. रिचर्ड डोनर यांचा ‘सुपरमॅन’ १९७८ चा. दुसऱ्या भागाचं बरंचसं चित्रीकरण त्यांनी पहिल्यासोबतच उरकलं होतं, पण निर्मात्यांशी बिनसलं आणि त्यांना काढून टाकलं गेलं. रिचर्ड लेस्टर यांनी तो भाग पूर्ण केला, तो १९८० साली आला आणि चाललाही. तिसरा (१९८३) विनोदाकडे झुकला. चौथा (१९८७) पैशांची कात्री लागून इतका दुबळा झाला की सुपरमॅन जवळपास वीस वर्षं पडद्यावरून गेला. या प्रकरणातली मोलाची गोष्ट मात्र २००६ ची. डोनर यांना अभिप्रेत असलेला दुसरा भाग, चाहत्यांनी वर्षानुवर्षं मागितल्यावर, डीव्हीडीवर आला. प्रेक्षकानं मागणी लावून धरली तर दिग्दर्शकाचा सिनेमा परत मिळू शकतो, हे तिथे दिसलं. याचा पुढचा अध्याय पुढे येतो.

बॅटमॅनची गोष्ट बाजाराची. टिम बर्टन यांचा १९८९ चा सिनेमा प्रचंड चालला. १९९२ चा दुसरा अधिक काळोखी होता, आणि त्याच वेळी मॅकडोनाल्ड्सच्या मुलांच्या जेवणासोबत त्याची खेळणी दिली जात होती. पालक चिडले. मग स्टुडिओला उजळ, रंगीत, खेळणी खपतील असा बॅटमॅन हवा झाला. जोएल शूमाकर यांनी तो दिला, १९९५ आणि १९९७ मध्ये. ९७ चा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ इतका आपटला की शूमाकर यांनी पुढे जाहीर माफी मागितली. मालिका आठ वर्षं थांबली. तो थांबा मला महत्त्वाचा वाटतो. २००५ साली दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आले तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होतं आणि प्रेक्षकाच्या मनातला जुना कडवटपणाही विरला होता. २००८ च्या ‘द डार्क नाइट’नंतर ‘रीबूट’ हा शब्द स्टुडिओंच्या तोंडी मंत्रासारखा बसला. अडचण एवढीच, की मंत्र घेतला आणि आठ वर्षांचा संयम विसरले.

आता स्पायडरमॅन. नागपुरातले सगळ्यात कडाक्याचे वाद याच्यावरच होतात.

मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी १९९६ साली दिवाळखोरीत गेली होती. तग धरायला तिनं आपल्या नायकांचे सिनेमाचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना दिले आणि १९९९ साली स्पायडरमॅन सोनीकडे गेला. अशा करारांना मुदत असते. ठरलेल्या काळात सिनेमा काढला नाही तर हक्क परत. २०१४ साली सोनीच्या संगणकांवर हल्ला होऊन कागदपत्रं फुटली तेव्हा ती अटही जगानं वाचली : आधीच्या सिनेमानंतर पावणेचार वर्षांत पुढच्याचं काम सुरू आणि पावणेसहा वर्षांच्या आत तो पडद्यावर. हे एकदा वाचलं की बरेच वाद वेगळे दिसू लागतात.

सॅम रायमी यांचे पहिले दोन, २००२ आणि २००४ चे, हे आमच्या पिढीचे. सदरमधल्या एका टॉकीजमध्ये मी पहिला पाहिला तो हिंदीत. पंख्यांचा आवाज, पुढच्या रांगेत शिट्ट्या आणि पावसात उलटं लटकलेल्या स्पायडरमॅनच्या चुंबनाला अख्ख्या हॉलचा ओरडा. दुसरा भाग मी आजही या प्रकारातला सर्वोत्तम मानतो, कारण त्यात नायकाचं भाडं थकलेलं आहे, नोकरी गेलेली आहे आणि कपडे धुताना पोशाखाचा रंग बाकीच्या कपड्यांना लागतो. तिसऱ्यात (२००७) व्हेनम हा खलनायक निर्मात्याच्या आग्रहामुळे आला. रायमींना त्यात रस नव्हता. एका सिनेमात तीन-तीन वैरी कोंबले आणि कुणालाच जागा पुरली नाही. चौथ्यावर काम चालू असताना पटकथा मनासारखी होईना, तारीख तर ठरलेली. जानेवारी २०१० मध्ये रायमी बाजूला झाले आणि लगेच नव्यानं सुरुवात जाहीर झाली.

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ २०१२ साली आला. आधीच्याला फक्त पाच वर्षं झाली होती. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर (मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनचं खरं नाव), सोबत आपले इरफान खान, आणि पुन्हा तोच कोळी चावतो, पुन्हा तोच काका मरतो. तेव्हा मीही म्हटलं होतं, ‘जुनाच बरा होता.’ आज वाटतं तो गारफिल्डवर अन्याय होता. चूक त्याची नव्हतीच. इतक्या लवकर परत येण्याची घाई कॅलेंडरची होती. २०१४ च्या दुसऱ्या भागात पुढच्या चार सिनेमांची बीजं पेरायच्या नादात हातातली गोष्ट सुटली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हलचा समझोता झाला. २०१६ साली नवा स्पायडरमॅन म्हणून टॉम हॉलंड आला, आणि त्याच्या २०१७ च्या स्वतंत्र सिनेमात कोळी चावण्याचा प्रसंग शहाणपणानं गाळला.

याच मुदतीच्या फेऱ्यात ‘फँटॅस्टिक फोर’ अधिक वाईट अडकला. १९९२ च्या अखेरीस हक्क टिकवण्यासाठी अगदी तुटपुंज्या पैशात एक सिनेमा काढला गेला आणि तो कधी प्रदर्शितच झाला नाही. त्यातल्या नटांनी मनापासून काम केलं होतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पुढे २००५, २००७ आणि २०१५. शेवटचा तर दिग्दर्शक जॉश ट्रँक यांनीच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उघडपणे नाकारला.

आता दिग्दर्शकाचा सिनेमा परत मागण्याचा तो राहिलेला अध्याय. सुपरमॅन-बॅटमॅन एकत्र असलेल्या ‘जस्टिस लीग’चं काम चालू असताना २०१७ साली मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाले. दुसऱ्या दिग्दर्शकानं बराच भाग पुन्हा चित्रित केला. जे पडद्यावर आलं ते ना यांचं ना त्यांचं. चाहत्यांनी स्नायडरचा सिनेमा द्या म्हणून वर्षानुवर्षं मोहीम चालवली, आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी पैसा उभा केला, आणि मार्च २०२१ मध्ये चार तासांचा सिनेमा खरंच आला. त्याच मोहिमेतल्या काहींनी वेगळं मत असणाऱ्यांना शिवीगाळही केली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ‘आपण ओरडलो तर फरक पडतो’ ही भावना तेव्हापासून पक्की झाली. नागपुरातल्या वादांचा सूरही बदलला. आधी पोट्टे आवडलं-नाही आवडलं बोलायचे, आता ‘असा असायला पाह्यजे होता’ म्हणून अख्खी पटकथा सांगतात.

त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, हॉलंडचा ‘स्पायडरमॅन: नो वे होम’. कोविडनंतर महाराष्ट्रात थिएटरं निम्म्या क्षमतेनं उघडली होती. एक खुर्ची सोडून बसलेलो. पडद्यावर गारफिल्ड अवतरला आणि त्या निम्म्या हॉलनं पूर्ण हॉलचा आवाज काढला. मग रायमींच्या सिनेमांतला स्पायडरमॅन, टोबी मग्वायर. शिट्ट्या थांबेनात. पण माझ्या लक्षात राहिलं ते शेवटाकडचं. हॉलंडच्या पीटरची प्रेयसी एमजे उंचावरून पडते आणि तिला झेलतो गारफिल्डचा पीटर. २०१४ च्या सिनेमात त्याला त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, असंच वाचवता आलं नव्हतं. तो एमजेला विचारतो, बरी आहेस ना, आणि त्याचेच डोळे भरतात. मघापर्यंत ओरडणारा हॉल गप्प. सात वर्षं ‘फसलेला’ म्हणून हिणवलेल्या सिनेमाला त्या एका क्षणात अर्थ मिळाला. बाहेर पडताना मित्र फक्त एवढंच म्हणाला, “आपण लय बोललो होतो बे त्याले.”

हिंदीत हा वाद आता कुठे तापतोय. दूरदर्शनवर १९९७ साली सुरू झालेल्या ‘शक्तिमान’वर सिनेमा काढण्याची घोषणा २०२२ साली झाली, आणि नवा शक्तिमान कोण यावर खुद्द मुकेश खन्नांनीच जाहीर हरकत घेतली. ‘क्रिश’च्या चौथ्या भागाचं दिग्दर्शन हृतिक रोशन करणार, हे मार्च २०२५ मध्ये सांगितलं गेलं.

एक मुद्दा मात्र या सगळ्यात सुटतो, आणि तो नागपूरकरानंच मांडायला हवा. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथे शेजारच्या घरातून, बाजारातून, शाळेतून येते. स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेतलेला कॉमिक्समधला नागराज किंवा ध्रुव आम्ही हिंदीतच वाचला. हॉलिवूडचे नायकही अर्ध्या शहरानं हिंदीतच ऐकले. म्हणजे आमच्यासाठी टोबी म्हणजे नुसता चेहरा नव्हता, त्यामागे एका अनाम कलावंताचा आवाज होता. २०१७ साली हॉलंडला हिंदीत टायगर श्रॉफनं आवाज दिला. पडद्यावरचा नट बदलला की आपण तावातावानं बोलतो, आणि ज्या आवाजानं आपल्याला रडवलं-हसवलं त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

१ जून २०२३ ला ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅनही आहे, २००४ च्या भारतीय कॉमिकमधून आलेला. माझ्या भाच्यासाठी पहिला स्पायडरमॅन तोच. जुलैच्या त्या रात्री तो माझ्यासोबत होता. काकांचं रीव्हपुराण त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, तुमचा सुपरमॅन मराठीत बोलायचा का?”

काका थोडा वेळ विचारात पडले. “नाही रे बाबू,” म्हणाले, आणि स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.