पंगत आणि करार: कोकण किनाऱ्यावरील अन्न-मुत्सद्देगिरीची पार्श्वभूमी

परदेशी पाहुण्याच्या पानात काय वाढावे याचा विचार करून त्यातून राज्याचे काम साधणे, याला अलीकडे अन्न-मुत्सद्देगिरी असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी कोकणाला ही गोष्ट नवी नाही. चौल, दाभोळ, राजापूर या बंदरांमुळे येथील सत्ताधीशांना अरब, पोर्तुगीज, इंग्रज अशा परक्यांशी सतत व्यवहार करावा लागे आणि आलेल्या वकिलाच्या शिध्याची सोय लावणे हा त्या व्यवहाराचाच भाग असे. अशा पाहुणचारातून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे रायगडावरील एका प्रसंगावरून फार स्पष्टपणे दिसते.

1674 च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून चौलमार्गे रायगडी आला. 6 जून रोजी होणाऱ्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांना नजराणा द्यावा, 1661 मध्ये मराठ्यांनी लुटलेल्या राजापूरच्या इंग्रज वखारीची भरपाई मिळवावी आणि व्यापाराचा तह पदरात पाडून घ्यावा, अशी तिहेरी कामगिरी त्याच्याकडे होती. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याच्या 1698 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या मुक्कामाची हकिकत आली असून, तिच्यात खाण्याचा मजकूर चांगला सविस्तर आहे. डाळ-तांदूळ एकत्र करून तुपात शिजवलेली खिचडी हे येथील लोकांचे सर्वांत आवडते अन्न, असे तो नोंदवतो. मांसाची सवय असलेल्या इंग्रजांना ती फार दिवस रुचेना, तेव्हा तसे महाराजांच्या कानावर घालण्यात आले आणि तेथील मोजक्या मुसलमानांना मांस पुरवणाऱ्या खाटकाला इंग्रजांकडे बकऱ्याचे मांस पोचवण्याचा हुकूम झाला. रोज अर्धे बकरे खपू लागले. मागच्या काही वर्षांत विकले नव्हते इतके मांस या थोड्या दिवसांत घेणारी ही माणसे आहेत तरी कशी, या कुतूहलाने तो खाटीक म्हातारपणी गड चढून त्यांना पाहायला आला, अशी हृद्य नोंद फ्रायरने केली आहे.

या हकिकतीचे खरे मोल तहाच्या कलमांशेजारी ठेवून वाचल्यावर कळते. राजापूरच्या भरपाईची मागणी वाटाघाटीत पुढे सरकली आणि व्यापाराची बहुतेक कलमे मान्य झाली. मात्र वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची गलबते व त्यांतील माल परत करावा, हे कलम कोकणच्या कायद्याविरुद्ध असल्याचे कारण देऊन नाकारण्यात आले. ज्या दरबाराने आपल्या रिवाजात नसलेले मांस पाहुण्यासाठी विनातक्रार पुरवले, त्याच दरबाराने किनाऱ्यावरचा आपला हक्क सोडला नाही. पाहुणचारात सैल आणि हक्कात ताठ राहण्याची ही रीत मला शहाणपणाची वाटते, कारण पाहुणचार हा कराराचा मोबदला नव्हे, बोलणी माणुसकीने चालावीत यासाठी केलेली ती तजवीज आहे.

पोर्तुगिजांच्या वाटेने आलेले काजू आणि मिरची आज कोकणी स्वयंपाकाचा कणा आहेत, परंतु तो सत्तेचा आणि व्यापाराचा परिणाम होता. त्याला मुत्सद्देगिरी म्हणणे योग्य होणार नाही.

विसाव्या शतकात मेजवानी ही राष्ट्रांच्या संबंधांची जाहीर खूण बनली. 1972 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चीनच्या राजधानीत, पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग), चॉपस्टिक्सने जेवताना जगाला दिसणे, हा त्या भेटीच्या हेतूचाच भाग होता. पुढे थायलंडने 2002 च्या सुमारास परदेशांतील थाई उपाहारगृहांना सरकारी धोरणाचे पाठबळ दिले आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 2012 मध्ये नामवंत आचाऱ्यांना या कामात सामील करून घेतले. भारताने भरड धान्यांचा आग्रह धरला; 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने भारताच्या पुढाकाराने आलेला ठराव संमत करून 2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवले. कोकणातील वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी, गरिबाची म्हणून मागे पडलेली नाचणी याच भरड धान्यांपैकी आहे.

हापूसची कथा मात्र याहून गुंतागुंतीची आहे. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ 1989 पासून बंद होती. 2 मार्च 2006 रोजी दिल्लीत, अणुसहकार्याच्या वाटाघाटींच्या ऐन धामधुमीत, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासमोर, आपला देश भारतीय आंबे खाण्यास उत्सुक असल्याचे जाहीरपणे सांगितले. एका फळाच्या उल्लेखाने त्या रुक्ष वाटाघाटींना सामान्य माणसाला समजेल असे रूप आले. पण आंबा लगेच निघाला नाही. फळमाशी व कोयीतील किडे यांच्या भीतीमुळे फळावर किमान 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेचे विकिरण, म्हणजे कीड निष्प्रभ करणाऱ्या किरणांचा मारा, करण्याची अट आली आणि ती सोय नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे असल्याने रत्नागिरी-देवगडच्या फळाला आधी घाट चढावा लागला. पहिल्या पेट्या एप्रिल 2007 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. या देवाणघेवाणीची दुसरी बाजू म्हणून त्याच सुमारास अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना भारताचा दरवाजा उघडला गेला. युरोपीय संघाने तर मे 2014 मध्ये फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा थांबवला आणि प्रक्रियेची व तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर 2015 च्या आरंभी ती बंदी उठली.

म्हणजे रायगडावर जे यजमानाने केले, तेच येथे ग्राहक देशांनी केले: आंब्याचे कौतुक मनापासून, पण नियमात सूट नाही. याचा भार बागायतदारावर पडतो, हे मेजवान्यांच्या वर्णनांत सहसा येत नाही. अमेरिकेच्या अटीनुसार त्यांचा निरीक्षक विकिरण केंद्रावर हजर असावा लागतो. करोनाकाळात हे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तेव्हा 2020 आणि 2021 चे दोन्ही हंगाम निर्यातीविना गेले आणि 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आता वाशी येथेही विकिरणाची सोय असली, तरी तपासणीचे अधिकार भारतीय यंत्रणेकडे किती यावेत आणि प्रक्रिया बागेच्या किती जवळ व्हावी, हे प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर आंब्याच्या पेटीइतक्याच ठळकपणे ठेवले जायला हवेत.