गावाला शहर ठरवणारे दहा पुरुष

कांद्याचा हंगाम जोरात असला की सकाळी लासलगावात शिरायला वाट सापडत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, मधेच एखादी खिळखिळी जीप, चहाच्या टपरीवर कालच्या भावाची उजळणी. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचं टोळकं ट्रॉलीपाशी येतं. कुणीतरी वरचे चार कांदे बाजूला सारून खालचे उकरून बघतं, बोली मिनिटभरात संपते आणि टोळकं पुढच्या ट्रॉलीकडे सरकतं. मग माप, हिशेबपट्टी, पैसे. दिवस कलला की आलेली माणसं आपापल्या वस्तीवर परततात. रस्त्यावर उरतो तो टरफलांचा लाल पाचोळा.

इथली बाजार समिती 1947 सालची. इथे भाव पडला की दिल्लीत बैठका होतात, आणि वाढला तर जरा जास्तच होतात. पण अशी शेतीवर पोसलेली बाजाराची ठिकाणं गावं म्हणायची की शहरं, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. त्याचं उत्तर देणारं यंत्र म्हणजे जनगणना, आणि ते यंत्र आतून कसं चालतं हे पाहण्यासारखं आहे.

नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट) असेल तर काही मोजायचं कारणच नाही, ते शहरच. बाकीच्यांसाठी तीन कसोट्या आहेत. लोकसंख्या किमान 5,000. दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही जमल्या तर ते ‘जनगणना नगर’. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, कागदावर मात्र तिथली माणसं शहरी लोकसंख्येत धरली जातात. 2001 मध्ये देशात अशी 1,362 नगरं होती, 2011 मध्ये 3,894 झाली. उलटंही घडलेलं आहे. 1961 साली व्याख्या कडक केली तेव्हा आठशेहून जास्त शहरं एका फटक्यात गावं झाली. माणसं जागची हलली नव्हती.

घनतेची कसोटी शेतीच्या गावाला विशेष नडते. गावठाणात घराला घर चिकटलेलं असतं, अंगणात खाट टाकायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. पण जनगणना भागाकार करते तो अख्ख्या शिवाराने. सहा हजार वस्तीच्या गावाचं शिवार पंधरा चौरस किलोमीटर असेल तर घनता बरोबर 400 भरते. तेच वीस असेल तर 300, म्हणजे खेडं. जितकी जमीन जास्त तितकं गाव जास्त ‘गाव’.

आता पुरुषांची कसोटी. समजा या गावात वर्षातले सहा महिने किंवा अधिक काम करणारे, म्हणजे ‘मुख्य’ कामगार, 1,600 पुरुष आहेत. त्यांतले 1,200 शेतीबाहेर हवेत. 1,190 भरले तर खेडं. दहा पोरांनी शेती सोडून मोबाइल दुरुस्ती, टायर पंक्चर किंवा खताच्या दुकानातली नोकरी धरली की सहा हजार लोकांचं नशीब, निदान कागदावरचं, पालटतं.

शेतीबाहेरची कामं म्हणजे तरी काय? हमाल, मापाडी, व्यापाऱ्याचा मुनीम, ट्रॉली बनवणारा वेल्डर, बी-बियाण्यांचा दुकानदार, कांदा भरून नेणारा ट्रकचालक. जनगणनेच्या चार खान्यांपैकी – शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर – यांतले बहुतेक ‘इतर’मध्ये जातात. अवकाळी पावसाने कांदा सडला तर यांचाही हंगाम सडतो, तरी हिशेबात ते शेतीबाहेरचे. उलट सातबाऱ्यावर नाव असलं तरी जमीन दुसऱ्याला कसायला देऊन तालुक्याला दुकान चालवणारा माणूस शेतकरी धरला जात नाही. हे मला पटतं. घरात त्याला शेतकरीच म्हणतात, ते वेगळं.

आपल्या राज्याच्या कायद्याची पट्टी तर आणखी निराळी. साधारण 10,000 ते 25,000 वस्तीच्या ठिकाणी नगरपंचायत करायची असेल तर बिगरशेती रोजगार 25 टक्के असला तरी चालतो. एक पट्टी पाऊण म्हणते, दुसरी पाव. गावकऱ्यांची पट्टी तिसरीच: घरपट्टी किती वाढेल आणि ग्रामीण योजना हातच्या जातील का.

या कसोटीत बायका का नाहीत, हे मला नीट कळलं ते एका दारात. माझी मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि 2011 च्या फेब्रुवारीत प्रगणक म्हणून घरोघर फिरत होती. मी तिची पिशवी धरायला सोबत होतो. एका घरी पडवीत कांद्याचा ढीग, शेजारी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढलेली, आणि ढिगामागे बसलेली पस्तिशीची बाई. बोटांची पेरं काळपट पडलेली. मावशीने छापील प्रश्न विचारला, “गेल्या वर्षात काही काम केलं का?”

“मी कुठं कामाला जाते बाई? घरीच असते.”

मावशीने पेन उचललं, पण टेकवलं नाही. “मग हा कांदा कोण निवडतं?”

“मीच की.”

“आणि लागण?”

“ती पण. पौषात आमच्या वावरात, मग दुसऱ्याच्या. लाल कांदा आला की व्यापाऱ्याच्या खळ्यावर.”

बोटं मोजत मोजत नऊ महिने भरले. ‘काम नाही’ची खूण होता होता ती बाई मुख्य कामगार झाली. पण दिवसाला कितीतरी घरं उरकायची असताना प्रत्येक दारात दुसरा प्रश्न कोण विचारणार? बायकांच्या कामाची मोजणी अशी दारातच गळते. आकडा भरवशाचा नाही म्हणून तो कसोटीतून वगळायचा, यात व्यवहार असेल. पण ज्या गावातले पुरुष दुकानात आणि बायका वावरात आहेत ते या पट्टीवर शहर ठरतं. शेती तिथून गेलेली नसते, ती फक्त बायकांकडे गेलेली असते.

दुसरी गंमत महिन्याची. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. या काळात माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा. पूर्ण वीस दिवस घरी नसलेला घरच्या यादीत येत नाही. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा खुडा असतो. पेठ, सुरगाण्याची कुटुंबं बागांच्या कडेला झोपड्या टाकून राहिलेली असतात. बीडकडची ऊसतोडीची जोडपी कारखान्यांभोवती कोप्यांत असतात आणि मागे गावात म्हातारे नि शाळकरी पोरं. म्हणजे एकीकडची गावं फुगलेली, दुसरीकडची रिकामी, आणि फोटो नेमका तेव्हा काढलेला. हेच जुलैत मोजलं तर चित्र वेगळं येईल. फोटो खोटा नसतो, पण कोणत्या महिन्याचा आहे हे पाहून घ्यावं लागतं.

गाव मोजायचं ते वर्षभर तिथे रमून, असं मानणाराही एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. हॅरोल्ड मान हा इंग्रज रसायनतज्ज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा त्याने घर न् घर अभ्यास केला, तो 1917 मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन, जनावरं, कर्ज, लग्नाचा खर्च, सगळं त्यात आलं. सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, 1771 मध्ये 40 एकर होती, 1914-15 पर्यंत ती 7 एकरांवर आली होती. एक एकराहूनही लहान असे 463 तुकडे त्याने मोजले. पण मला त्याचा सगळ्यात मोलाचा आकडा वेगळाच वाटतो. 103 कुटुंबांपैकी निव्वळ जमिनीवर नीट भागत होतं 8 जणांचं. आणखी 28 बाहेरच्या कमाईच्या जोरावर तग धरून होती. उरलेल्या 67 घरांचं बाहेरची मिळकत धरूनही भागत नव्हतं. ‘पूर्वी लोक शेतीवर सुखात होते’ असं कुणी म्हणालं की मला हे आठ आठवतात. ते पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडच्या टॉवरांत हरवलं आहे.

धारणेची घसरण मात्र मान गेल्यावरही थांबली नाही. राज्यात सरासरी धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34. कमी मुलं होऊ देणं हा त्यावर घराघरांनी काढलेला मार्ग असावा, असं मला वाटतं; बाकी कारणंही आहेतच. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 निघाला. पिढीची जागा पिढीने भरायला 2.1 लागतो. अशा गावाचा वयाचा मनोरा काढला तर पाया अरुंद, माथा रुंद होत चाललेला, आणि मधे विशी-पंचविशीच्या पुरुषांच्या जागी एक खाच. ती खाच पुण्या-नाशकाला खोली भाड्याने घेऊन राहत असते.

जे मागे राहिले त्यांची अडचण 21 डिसेंबर 2022 ला सोलापुरात रस्त्यावर आली. बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मागणी काय, तर नवरी मिळावी. लोक हसले. पण 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 913 मुली होत्या, आणि तीच मुलं त्या डिसेंबरात एकवीस ते अठ्ठावीस वर्षांची होती. त्यात ‘शेतकरी नवरा नको’ ही अट मिळवा. आधीच कमी असलेल्या मुलींतल्या बऱ्याच नोकरीवाल्यांकडे जातात, आणि तुटीचा सगळा भार कोरडवाहू शिवारातल्या पोरांवर येतो.

राहणीमानाबद्दल एकच आकडा सांगतो, कारण तो वाचून मी स्वतः दचकलो होतो. 2022-23 च्या खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांनी धान्यावर एकूण खर्चाच्या 4.91 टक्के खर्च केले, आणि पेयं, बाहेरचे नि पाकीटबंद पदार्थ यांवर 9.62 टक्के. फुकट मिळालेलं रेशन धान्याच्या आकड्यात नाही, हे खरं. तरी ट्रॉली रिकामी करून परतणाऱ्याच्या हातातली पिशवी आठवून पाहा. ज्वारी-बाजरी घरची किंवा रेशनची असते. पिशवीत शेव, फरसाण, बिस्किटं आणि थंडाची बाटली.

2021 ची जनगणना झाली नाही. आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिन ठरला आहे आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे. पेठ-सुरगाण्याची मंडळी तेव्हाही द्राक्षाच्या खुड्यावर असतील. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि हवी तर आपली आपण भरता येईल. आमच्याकडे ती बहुतेक घरातला कॉलेजात जाणारा मुलगा भरेल. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “भरू दे की. फक्त आईचा रकाना भरायच्या आधी पडवीत जाऊन ये म्हणावं.”