बक्षीस आधी कबूल करू नका : मल्लखांब वर्गाच्या पालकांसाठी

"जिल्ह्यात नंबर आला तर सायकल घेऊन देईन म्हटलंय, तरी हा मनावर घेत नाही." वर्गाच्या दारात हे सतत ऐकू येतं, म्हणून हे पत्रक.

मनावर तो घेतो, पण सायकल. दोरीच्या मल्लखांबात सुरुवातीला पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरावा लागतो, तिथली कातडी चांगलीच दुखते. पुरलेल्या खांबावर, एरंडेल लावलेलं असलं तरी, साध्या अढीत, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घालताना, मांड्या सोलवटतात. उलटं लटकून दोन्ही हात सोडता येतात, एवढ्या एका आनंदापायी मुलं हे सोसतात. बक्षिसाची बोली झाली की तेच मूल जमलेल्या चार अढ्या घोटत बसतं. दसरंगासारखा नवा प्रकार शिकवायला घेतला की विचारतं, "सर, हे स्पर्धेत येतं का?" चुकेल असं काही करायलाच ते तयार नसतं. त्याची भीड पुन्हा मोडायला आमचे महिने जातात, आणि तुमची फीसुद्धा.

हे आमच्या पदरचं नाही. 1973 साली प्रसिद्ध झालेला मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा प्रयोग आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिलं, त्यांची आवड मात्र टिकून होती. तेव्हा कौतुक जरूर करा, स्पर्धेनंतर आइस्क्रीमही खायला न्या. फक्त आधी सौदा करू नका. दहावीच्या क्रीडा गुणांचं तेच. त्यांची चौकशी आमच्याकडे करा, नऊ वर्षांच्या मुलाकडे नको.

सरावाच्या वेळी पालकांना आम्ही आत बसू देत नाही, यावर काहीजण नाराज असतात. आई समोर असली की मूल प्रत्येक पकडीनंतर खांबाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघतं, आणि लक्ष हललं की पकड सुटते. शेवटची पंधरा मिनिटं मुलांना मोकळी देतो, तीही काहींना वाया गेल्यासारखी वाटतात. दोरी की खांब, कोणती उडी, कुणाबरोबर, हे तेव्हा मुलं ठरवतात. आम्ही गादीपाशी उभे असतो. मोठी मुलं धाकट्यांच्या पाठीला हात लावून अढी बसवून देतात. सगळ्यात जास्त नव्या गोष्टी मुलं याच वेळात करून बघतात, म्हणून ही वेळ आम्ही कमी करणार नाही. पहिल्या वर्षी स्पर्धेला पाठवत नाही, तेही याचसाठी.

घरी जाताना "तुझ्याआधी त्याला कसं जमलं?" हे विचारू नका. बगली म्हणजे काय, सुईदोरा कसा घालतात, हे विचारा आणि त्याला शिकवू द्या. बोलायचं नसेल तर राहू द्या. थकलेलं असतं.

एरवी आत बसू देत नसलो, तरी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सराव बघायला सर्व पालकांनी अवश्य यावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा ते नऊ वर्षांच्या मुलामुलींची नवी तुकडी सुरू होईल. पहिल्या आठवड्याची फी नाही. पुढे यायचं की नाही, हे आठवडा संपल्यावर मुलालाच विचारा. ते नको म्हणालं तर आम्ही आग्रह करणार नाही.