ऐरोली-महापेच्या नाइट शिफ्टमागची गोष्ट

नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळेकडे रात्री कामाला निघालेली पोरंपोरी बघून आता कुणाला काही वाटत नाही, पण या पट्ट्यात माणसाच्या झोपेची वेळ दुसऱ्या कुणीतरी ठरवायची ही गोष्ट कॉल सेंटरच्या बरीच आधीपासूनची आहे.

नवी मुंबई वसवायला इथल्या जमिनी घेणारी सरकारी कंपनी, सिडको, आली 1970 ला. त्याआधी खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांचं सगळं भरती-ओहोटीवर चालायचं, पाण्याची वेळ झाली की होडी काढायची, मग मध्यरात्र का असेना. साठच्या दशकात एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा सुरू झाला, केमिकल कंपन्या आल्या आणि फर्स्ट, सेकंड, नाइट घराघरात शिरलं. झोपेचे हाल तेव्हाही व्हायचेच, फक्त पाळी फिरती असायची. आणि 1948 च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला साधारण बंदी होती, त्यामुळे कारखान्यातली रात्रपाळी पुरुषांचीच.

1991 नंतर बाजार खुला झाला, पुढे फोन-इंटरनेट स्वस्त झालं आणि अमेरिकेतल्या ग्राहकाचा फोन इथे वाजायला लागला. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा, कारण ते लोक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासभर पुढेमागे करतात, आणि मग घणसोलीतल्या घरात जेवण, पिकअप, पोराला क्लासला सोडणं सगळंच तासभर सरकतं. 2004 ला ठाणे-वाशी लोकल झाली, पण मध्यरात्रीनंतर कॅबच. राज्याच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने तर बायकांनाही संमती असेल तर रात्री साडेनऊनंतर काम करता येतं, घरापर्यंत सोडायची जबाबदारी मालकाची. हा बदल मला चांगलाच वाटतो. पण शरीराचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 लाच शरीराचं घड्याळ बिघडवणारं शिफ्टचं काम 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलंय, तरी आपल्याकडे नाइटवाल्याच्या तक्रारीला अजून 'ॲसिडिटी आहे, जेवण वेळेवर घे' एवढंच उत्तर मिळतं.

आणि ड्रायव्हर तर या चर्चेत नसतातच. जमिनी गेलेल्या गावांतल्या कित्येक पोरांनी कंपन्यांना गाड्या लावल्या. आतल्या पोरांना निदान नाइट अलाउन्स तरी असतो, यांना ट्रिपमागे पैसे, झोपलं की तेवढी कमाई गेली, म्हणून रात्रभर पिकअप-ड्रॉप करून सकाळी तीच गाडी शाळेच्या फेऱ्यांना काढतात.