झेरमॅट : दरीतील गाव आणि पर्यटनाचे अर्थकारण

झेरमॅट हे स्वित्झर्लंडच्या व्हाले कँटनमधील (कँटन म्हणजे संघराज्यातील प्रांत), इटलीच्या सीमेलगतचे गाव मॅटर दरीच्या अगदी टोकाला वसले आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,६०० मी. असून कायम लोकवस्ती सहा हजारांच्या आत आहे. दरी येथेच संपते. गावाभोवती चार हजार मीटरहून उंच शिखरांची व हिमनद्यांची रांग आहे आणि नैर्ऋत्येस ४,४७८ मी. उंचीचे मॅटरहॉर्न शिखर उभे आहे. डोंगरदऱ्यांतील लहान गावांनी पर्यटनावर उपजीविका उभारल्याची उदाहरणे जगभर आढळतात. परंतु त्या उत्पन्नाचा मोठा वाटा मूळ गावकऱ्यांच्याच हाती दीडशे वर्षे टिकून राहिल्याचे उदाहरण विरळ आहे. झेरमॅटच्या अभ्यासाचे महत्त्व प्रामुख्याने या गोष्टीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे गाव गरीब होते. राय या धान्याचे पीक, थोडी गुरे, काळ्या तोंडाच्या मेंढ्या आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जनावरे चारणे, एवढाच येथला व्यवहार होता. उंदीर वर चढू नयेत म्हणून गोल सपाट दगडांवर उचलून बांधलेली लाकडी धान्यकोठारे जुन्या वस्तीत आजही उभी आहेत. वडिलोपार्जित शेतजमीन सर्व वारसांत वाटली जात असल्याने तिचे लहान लहान तुकडे पडले होते. कुरणे, जंगल व पडीक जमीन मात्र सामाईक होती आणि तिचे हक्क ‘बुर्गर’ म्हणवणाऱ्या जुन्या घराण्यांकडे होते. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असा जो भेद होता, तो येथल्या बुर्गर आणि बाहेरून आलेला रहिवासी यांतील भेदाशी बराच जुळतो. गावात घर असणे आणि गावाचा हक्कदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आजही त्या वेगळ्याच आहेत.

गिर्यारोहणाने ही स्थिती बदलली. गावातील वैद्य लाउबर यांनी १८३९ मध्ये एक लहानसे अतिथिगृह उघडले. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाच्या नेतृत्वाखालील सात जणांनी १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न प्रथम सर केले, पण उतरताना त्यांपैकी चौघे कोसळून मरण पावले. या दुर्घटनेची चर्चा युरोपभर झाली आणि तिने गावाचे नाव सर्वतोमुखी केले. वाचलेल्या तिघांपैकी दोघे, पीटर टाउगवाल्डर हे पितापुत्र, झेरमॅटचेच वाटाडे होते. गुराख्याला आणि शेतकऱ्याला उन्हाळ्याचे काही आठवडे रोख मजुरी मिळवून देणारा हा पहिला धंदा होता, आणि त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे डोंगराची माहिती तेवढी त्याच्यापाशी आधीपासून होती.

हॉटेलांचे भांडवल मात्र बाहेरून आले. व्हालेमधल्याच दुसऱ्या दरीतून आलेल्या अलेक्झांडर झाइलर यांनी १८५५ मध्ये लाउबर यांचे अतिथिगृह विकत घेतले, त्याला ‘मोंते रोझा’ असे नाव दिले आणि पुढे एकामागून एक हॉटेले उभारली. त्यांनी गावाला रोजगार दिला. तरीही १८७१ मध्ये बुर्गर म्हणून हक्क मागितल्यावर गावकऱ्यांनी त्यास ठाम नकार दिला. सामाईक जंगल व कुरणे धनिकाच्या हाती जातील ही भीती त्यामागे होती. तंटा कँटनच्या आणि संघराज्याच्या दरबारी गेला, तब्बल अठरा वर्षे चालला आणि अखेर १८८९ मध्ये झाइलर यांना तो हक्क मिळाला. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. या तंट्याकडे केवळ गावंढळ हेकेखोरपणा म्हणून पाहणे योग्य नाही. याच काळात बुर्गर समाजाने स्वतःच्या श्रमातून ‘झेरमॅटरहोफ’ हे मोठे हॉटेल बांधून १८७९ मध्ये उघडले, आणि ते आजही त्याच समाजाच्या मालकीचे आहे. गावाजवळच्या गोर्नरग्राट या डोंगराच्या माथ्यावरील हॉटेल आणि डोंगरावरील काही उपाहारगृहेही त्याच्याकडेच आहेत. पर्यटनाला विरोध न करता त्याची मालकी मागणे, हे या गावाने फार लवकर ओळखलेले धोरण होय.

व्हिस्पपासून येणारा लोहमार्ग १८९१ मध्ये झेरमॅटला पोहोचला आणि १८९८ मध्ये ३,०८९ मी. उंचीवरील गोर्नरग्राटपर्यंत दातेरी रुळांवरची विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. तथापि, १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हिवाळ्यात गाडी गावापर्यंत येत नसे. ती येऊ लागल्यावर स्कीइंगचा दुसरा हंगाम मिळाला आणि वर्षातील तीन महिन्यांचा धंदा बहुतेक वर्षभराचा झाला. क्लाइन मॅटरहॉर्न या दुसऱ्या शिखरावर, सुमारे ३,८८० मी. उंचीवर, जाणारा दोरमार्ग १९७९ मध्ये सुरू झाला, तर २०२३ पासून दोरमार्गांच्याच साखळीने हिमनदी ओलांडून इटलीच्या बाजूस उतरता येते.

वाढ सांभाळणे सोपे गेले नाही. १९६३ च्या हिवाळ्यात पिण्याचे पाणी दूषित होऊन विषमज्वराची साथ पसरली. चारशेहून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले आणि भर हंगामात हॉटेले रिकामी झाली. खाटा वाढवण्याच्या वेगाने नळ आणि गटारे वाढली नव्हती, ही उणीव या साथीने उघडी पाडली.

मोटारींबाबत गावाने वेगळा मार्ग धरला. सर्वसामान्य वाहनांना झेरमॅटमध्ये प्रवेश नाही. ती पाच किलोमीटर खाली टेश येथे उभी करून प्रवासी सुमारे बारा मिनिटांत आगगाडीने वर येतात. गावात स्थानिक कारखान्यांत तयार झालेली लहान, चौकोनी विद्युत वाहने धावतात. रस्ता सर्वांसाठी खुला करण्याचा प्रस्ताव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस गावकऱ्यांनी मतदानाने फेटाळला. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबवणाऱ्या माथेरानची येथे आठवण होते, परंतु माथेरानमधील बंदी कायद्याने आली आहे, तर झेरमॅटमधील बंदी ज्यांचा धंदा त्यावर अवलंबून आहे त्यांनीच निवडली. शांतता हा विकाऊ माल आहे हे हॉटेलवाल्यांना समजले होते.

या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो, हे गौरवपर वर्णनांत सहसा येत नाही. गावाच्या रहिवाशांपैकी एक मोठा भाग परदेशी नागरिकांचा असून त्यांत पोर्तुगीज सर्वाधिक आहेत. खोल्या आवरणे, भांडी घासणे, दोरमार्ग चालवणे, बांधकाम अशी कामे हेच लोक करतात. ज्या शेताच्या तुकड्याला एके काळी बटाट्यापुरतेच मोल होते, त्यावर आज सुट्टीतील सदनिका उभ्या आहेत आणि घरभाडे कामगारांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. त्यामुळे अनेक जण टेश, रांडा, सांक्ट निक्लाउस अशा खालच्या गावांतून रोज ये-जा करतात. ११ मार्च २०१२ रोजी स्विस मतदारांनी कोणत्याही गावातील दुय्यम (म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या) घरांचे प्रमाण २० टक्क्यांपुरते मर्यादित करण्याचा निर्णय दिला. झेरमॅट ही मर्यादा आधीच ओलांडून गेले होते. त्यामुळे नव्या सुट्टीघरांना आळा बसला, पण आहेत त्या घरांत कामगाराला जागा मिळाली नाही. बुर्गर हक्क मुख्यतः जन्माने येत असल्याने, दोन पिढ्या येथे राबलेले कुटुंबही सामाईक मालमत्तेचे वाटेकरी होत नाही. झाइलर यांना तंटा लढण्यासाठी पैसा आणि वकील उपलब्ध होते.

एकच दरी आणि एकच लोहमार्ग, ही या अर्थव्यवस्थेची भौगोलिक नाजूक बाजू आहे. १९९१ मध्ये रांडाजवळ कोट्यवधी घनमीटर खडक दोन टप्प्यांत कोसळून रस्ता व रूळ गाडले गेले. जानेवारी २०१८ मध्ये हिमवृष्टीमुळे सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले, आणि जून २०२४ मध्ये मॅटर व्हिस्पा नदीला पूर येऊन संपर्क पुन्हा तुटला. वर, तेओडुल हिमनदीवर वर्षभर स्कीइंग करता येते, असा गावाचा लौकिक होता. जुलै २०२२ च्या अखेरीस उष्णतेमुळे तेथील उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले.